पुसलेला पट्टा

७ सप्टेंबर

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही झोपेत दात खाता. मी विचारलं, कुणावर? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, डोक्यात जे घोळतं ते निजण्यापूर्वी लिहून काढत जा, नाहीतर दाढा झिजून सपाट होतील. म्हणून हा खटाटोप.

डोक्यात सध्या एकच गोष्ट घोळते: सावलीचा रस्ता. कागदोपत्री त्याचं नाव ‘उद्यानमार्ग’. मोटारी नव्या नवलाईच्या होत्या तेव्हा कुणा हौशी मंडळींनी गाडीतून हवा खायला म्हणून तो बांधला. दोन्हीकडे झाडं, मधे गवताचा पट्टा, दगडी कमानींचे पूल. आता त्याच रस्त्यावरून अख्खं शहर कामावर पळतं. मार्गिका अरुंद, कडेला गाडी थांबवायला वीतभर जागा नाही, बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याला वेग घ्यायच्या आतच गर्दीत उडी मारावी लागते. अधूनमधून एखादी गाडी झाडावर जाऊन आदळते. हे सगळं सुधारायचं, वाहतूक सुरळीत करायची आणि रस्ता मात्र होता तस्सा दिसला पाहिजे. साहेब म्हणाले, “हे तुम्हीच करू शकाल.” हे वाक्य ते ज्याला अडकवायचं असतं त्यालाच ऐकवतात.

११ सप्टेंबर

आज जिंकले!

गाडं अडलं होतं बुटक्या कमानीपाशी. कमान जोड आहे, जायला एक पोट आणि यायला दुसरं. घराकडे येणाऱ्या बाजूच्या पोटातले दगड सुटलेत. ते बसवायचे तर त्या बाजूच्या गाड्या कमानीच्या आधीच वळवून दुसऱ्या पोटातून काढायच्या. गाड्या वळवायच्या तर सरळ जाणारे जुने पांढरे पट्टे घालवायला हवेत. ते आम्ही यंत्राने घासून काढतो. पण वारसा समितीचे अध्यक्ष उसळले. हे निवृत्त वास्तुशिल्पी, खोलीतही टोपी काढत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना टोपीवाले म्हणतो. “त्या काँक्रीटमधले गोटे माणसांनी हाताने बसवलेत बाई. त्यावर यंत्र फिरवणार असाल तर मी सही करणार नाही.”

मग मी म्हटलं, घासायलाच कशाला हवं? पांढऱ्या पट्ट्यावर काळा रंग मारू. काँक्रीट जुनं होऊन काळपट झालंच आहे, मिसळून जाईल. काम संपलं की रंग धुऊन काढू. टोपीवाल्यांनी टोपी हलवली, म्हणजे होकार. साहेबांनी बाहेर आल्यावर पाठ थोपटली.

घरी आईला सांगितलं. ती उसवलेली उशी शिवत होती. म्हणाली, “म्हणजे पुसायचं नाही, झाकायचं.”

“तेच ते गं.”

“असेल बाई. इंजिनीअर तू आहेस.”

४ ऑक्टोबर

आज वळण सुरू केलं. सकाळी पाहिलं, भर दुपारी पाहिलं, अंधार पडल्यावर दिवे लावून पाहिलं. नियमात सांगितलंय तसं सगळं चोख. काळा रंग कुठे मारलाय ते मलाच शोधावं लागलं. कमानीच्या बंद पोटापुढे काँक्रीटचे ठोकळे, त्यांच्या अलीकडे नारिंगी पिंपांची रांग. सामानाच्या गाड्यांना आत शिरायला ठोकळ्यांमध्ये फट ठेवली आहे, तेवढीच.

आत गवंडी कामाला लागले आहेत. त्यांच्यात एक आहे, तो दिवसभर शीळ घालतो, आणि कमानीत ती अशी घुमते की खाली उभं राहून ऐकावंसं वाटतं. मुकादम त्याच्यावर खेकसतो आणि मग स्वतःच ताल धरतो.

दुपारी आईची गाडी गेली. मला बघून तिने हॉर्न वाजवला. हिरवी, बसकी, जुनी गाडी. आम्ही तिला बेडकी म्हणतो. आई रोज दुपारी जेवून मावशीकडे जाते. मावशी कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहे आणि घर कमानीपलीकडे, जिथे बस जात नाही. आई तिला पेपर वाचून दाखवते, बातम्यांवरून दोघी कडाकडा भांडतात आणि संध्याकाळच्या गर्दीत आई परत येते. या भांडणावर मावशी जगते आहे असं तिचे डॉक्टरसुद्धा म्हणतात.

१५ ऑक्टोबर

धुळीच्या तक्रारी आल्या. रोज दिवस कलताना टँकरने पाणी मारायची सोय केली. लोक खूश, झाडंही धुतली जातात. असली साधी युक्ती कुणाला आधी का सुचत नाही कळत नाही.

मुकादमाने ठोकळ्यांवर टायरचे काळे फराटे दाखवले. “मोबाइल, मॅडम. एक बोट स्टिअरिंगवर, नऊ बोटं मोबाइलवर.” मी हसले. तक्रारीच्या फोनवरही कुणीतरी सांगितलं म्हणे, संध्याकाळी रस्ता नेमका कुठे जातो तेच कळत नाही. एक जादा फलक लावायला सांगितला. आता आंधळ्यालाही कळेल.

२४ ऑक्टोबर

संध्याकाळी फोन आला, अनोळखी बाईचा. “तुमच्या आईंची गाडी कमानीपाशी आहे, त्या ठीक आहेत, पण तुम्ही या.” जीव मुठीत धरून गेले. बेडकी ठोकळ्याला घासून उभी, आरसा तुटून लोंबतोय, दार आत चेपलेलं. आई रस्त्याकडेला मुकादमाच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

“लागलं का कुठे?”

“नाही.”

“अगं, वळायचं होतं ना तिथे! पिंपं दिसली नाहीत? एवढा मोठा बाण आहे!”

“मी पट्टा सोडला नव्हता,” आई म्हणाली. “पट्ट्याच्या आतच होते मी.”

“कुठल्या पट्ट्याच्या? तिकडे पट्टाच नाहीये आई!”

तोवर सूर्य बुडाला होता. मी तिचा हात धरून तिला नेलं आणि दाखवलं, हे बघ, कुठे आहे पट्टा? ती वाकून पाहत राहिली. बराच वेळ. मग माझ्या जीपमध्ये जाऊन बसली. मुकादम नजर चोरत होता. गवंडी काम थांबवून बघत होते. इंजिनीअरबाईंची आई, इंजिनीअरबाईंच्याच ठोकळ्यावर! त्या क्षणी मला तिची काळजी वाटायच्या आधी लाज वाटली. इथे खोटं कशाला लिहू?

२६ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात आहे, वयाच्या मानाने नजर छान. डोळे चांगले आणि तरी नसलेला पट्टा दिसतो, म्हणजे दुखणं डोळ्यांत नाही, वर आहे.

दादाला फोन केला. तो परदेशातून काळजी फार छान करतो. “मी आधीच सांगत होतो, तिची गाडी काढून घ्या. उद्या कुणाला उडवलं तर?” आधी कधी सांगत होतास रे? पण उडवलं तर, हे डोक्यातून जाईना. आत माणसं काम करतात.

२८ ऑक्टोबर

किल्ली मागितली. आईने वाद घातला नाही. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेईल, मी उत्तरं घोकून ठेवली होती. तिने पर्समधून किल्ली काढली, तिच्या कापडी फुलाचा दोरा सोडवून फूल स्वतःकडे ठेवलं आणि नुसती किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“ताईला काय सांगायचं?” एवढंच विचारलं.

“आठवड्यातून एकदा मी नेईन तुला. वेळ काढून.”

“बरं.”

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर

नेणं झालेलं नाही. कामाने नाकी नऊ आणलेत. मावशीचा फोन येतो, आई तिला सांगते गाडी दुरुस्तीला दिली आहे. मावशीला शेजारीण पेपर वाचून दाखवायला आली तर मावशीने तिला घालवून दिलं. “तिला माझं सगळंच पटतं. त्यात काय मजा?”

आई बदलली आहे. निजायला जाताना गॅस बघते, परत उठून बघते. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, मीठ, साखर. काल म्हणाली, “मी तुला हे आधी सांगितलं का गं? सांगितलं असेल तर सांग.” हे एकेक लक्षण मी डॉक्टरांसाठी मनात टिपून ठेवते आहे. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली.

माझ्या कोटाचं बटण तुटलं होतं. खिडकीपाशी बसून तिने सुईत एका झटक्यात दोरा ओवला आणि मी चहा पिईपर्यंत बटण लावून टाकलं. मला ते कधी जमणार नाही.

१२ नोव्हेंबर

आज माणूस मेला असता.

ऊन उतरत होतं, टँकर नुकताच गेला होता. मी कार्यालयात होते. मुकादमाचा फोन, आणि मागे नुसती आरडाओरड. सामान पोचवणारी एक व्हॅन पिंपं उडवत थेट ठोकळ्यांच्या फटीतून आत शिरली, कमानीच्या पोटात. परांचीला धडकून थांबली. शीळवाल्याने वरच्या फळीवरून उडी मारली म्हणून वाचला, पण खांद्याचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा त्याला उचलून गाडीत घालत होते. त्याचा चेहरा दगडाच्या भुकटीने पांढरा झाला होता आणि तो मलाच म्हणत होता, “काही नाही मॅडम, काही नाही.”

व्हॅनचा चालक गवतावर बसून रडत होता. “मी रस्त्यावरच होतो हो. मी सरळ रस्त्यावरच होतो.” पोलीस म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

१३ नोव्हेंबर

साहेबांना आजच अहवाल हवा होता. सगळं तपासलं. फलक होते, बाण होता, पिंपं नेमून दिलेल्या अंतरावर होती, रात्रीची तपासणी झालेली. मी लिहिलं: चालकाचे दुर्लक्ष. सही केली. साहेब म्हणाले, “उत्तम. काम थांबवायचं नाही. थंडीच्या आत दगड बसले पाहिजेत.”

दुपारी कमानीखाली गेले. गवंडी काम करत होते पण कुणी बोलत नव्हतं. कुणी शीळ घालत नव्हतं. माझी दाढ ठणकते आहे.

१७ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सुट्टी होती. आईला शेवटी मावशीकडे नेलं. जीप ब्रेकच्या कामासाठी गॅरेजमध्ये, म्हणून दुरुस्त होऊन आलेली बेडकी काढली. आई शेजारच्या सीटवर बसली, सीटबेल्ट लावला, हात मांडीवर. मावशीकडे दोघी भांडल्या नाहीत. मावशी काहीबाही म्हणाली आणि आई म्हणाली, “असेल, ताई. तुझं बरोबर असेल.” मावशी माझ्याकडे बघत राहिली. निघताना मला जवळ बोलावून म्हणाली, “काय केलंस गं तिला?”

परत निघालो तेव्हा ऊन अगदी खाली आलं होतं. या रस्त्यावरून या वेळेला, या दिशेने मी कधी आलेच नव्हते. मी सकाळी येते, दुपारी येते, तपासणीला अंधारात येते. तेही जीपमधून, उंच बसून. कमान जवळ आली तसा सूर्य बरोब्बर समोर, रस्त्याच्या टोकावर टेकलेला. टँकर पुढेच गेला होता. ओला रस्ता असा चकाकत होता की पांढरे पट्टे, पिंपं, बाण, सगळं त्या उजेडात विरून गेलं. पण पट्ट्यांची एक जोडी स्वच्छ दिसत होती. लखलखीत, सरळ, दोन्ही बाजूंना. मी त्या दोन पट्ट्यांच्या मधे गाडी धरली आणि निवांत चालले.

निवांत! हे लिहायला हवं. मला किंचितही शंका आली नाही.

मग दाणकन पिंप आदळलं, दुसरं टपावरून गेलं, आणि मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी फटीत थांबली. समोर कमानीचं काळं पोट. आज सुट्टी म्हणून आत कुणी नव्हतं, एवढंच.

खाली उतरले. रस्त्याकडे बघितलं. उभं राहिल्यावर तो पट्टा मंद झाला. खाली वाकले, बेडकीतल्या माणसाचे डोळे असतात तेवढी, आणि तो पुन्हा पेटला. माझा काळा रंग. खरखरीत काँक्रीटवर तो गुळगुळीत बसला आहे, आणि ओल्या, तिरप्या उन्हात आरशासारखा चमकतो. खरे पट्टे दिसेनासे होतात आणि झाकलेले दिसतात. सूर्य जसजसा या रस्त्याच्या ओळीत सरकत आला तसतसं हे वाढत गेलं असणार. आणि पाणी मीच मारायला लावलं.

गाडीत परत आले. आई तशीच बसली होती. तिला लागलं नव्हतं. रडत होती, आवाज न करता.

“आई, तुला दिसला होता? आत्ता?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस? मी चुकतेय म्हणून?”

“मला कसं कळणार चुकतेयस? मला वाटलं, मला दिसतो तोच तुलाही दिसतोय, म्हणजे आज तरी माझं बरोबर आहे. मला इतकं बरं वाटलं गं. तेवढ्यात...”

मी पुन्हा खाली उतरले.

ती पिंपं मी हाताने ओढत आणून रस्त्यावर आडवी लावली. मागून हॉर्न सुरू झाले. एक जण काच खाली करून ओरडला, “बाई, तुमच्या बापाचा रस्ता आहे का?” पोलिसांना फोन केला, मुकादमाला घरून बोलावलं आणि अंधार पडेपर्यंत ती बाजू बंद ठेवली. साहेबांना नंतर सांगितलं.

१८ नोव्हेंबर

साहेब तडकले. “कुणाला विचारून बंद केलात? अख्खं शहर अडकलं होतं. आणि आता काय सांगणार? अहवाल तुमच्या सहीचा आहे.”

“तो मागे घेते. दुसरा लिहिते.”

“त्यात काय लिहिणार?”

“रंग कुणी सुचवला ते.”

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, यंत्र फिरवायला टोपीवाले सही देणार नाहीत, आणि सही नसेल तर मी हात वर करणार. मी म्हटलं, मी त्यांना घेऊन येते.

ऊन उतरताना टोपीवाल्यांना बेडकीत बसवलं. बसण्यासाठी त्यांना टोपी काढावी लागली. पहिल्यांदाच त्यांचं टक्कल पाहिलं. रस्ता बंदच होता. मी टँकरने पाणी मारायला लावलं आणि गाडी अगदी सावकाश कमानीकडे नेली. विचारलं, “सांगा, कुठून जाऊ?”

“अहो, सरळ. पट्टा आहे की,” ते म्हणाले. आणि मी फटीसमोर थांबले.

टोपी हातात घेऊन ते पुढे बघत बसले. “तो गवंडी,” त्यांनी विचारलं, “खांदा मोडला त्याच हाताने काम करायचा का?”

“हो. उजवाच खांदा.”

“घासा,” ते म्हणाले. “आजच घासा. आणि सगळीकडे थोडं थोडं घासा, म्हणजे नुसत्या पट्ट्याचा माग राहायला नको.” सही त्यांनी बेडकीच्या टपावर कागद ठेवून केली.

२० नोव्हेंबर

यंत्र फिरलं. गोटे गेले तिथले. वाईट दिसतं, दिसू दे. फटीपुढे दार बसवलं, टँकर आता सकाळी येतो. मी संध्याकाळी बेडकीतून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. आता एकच रस्ता दिसतो.

नवा अहवाल दिला. चौकशी लागेल. व्हॅनच्या चालकावरचा गुन्हा मागे घ्यायला पोलिसांना पत्र दिलं आणि त्याला फोन करून सांगितलं, तो नुसता “हो, हो” म्हणत राहिला. शीळवाल्याला दवाखान्यात भेटले. म्हणाला, खांद्याचं बघू मॅडम, तोंड शाबूत आहे. मी तिथेच रडले आणि त्याची बायको मलाच पाणी देऊ लागली.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तरी पण, वय झालंच आहे ना तिचं.” मी फोन ठेवला.

२१ नोव्हेंबर

आईपुढे किल्ली ठेवली. सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून. माझी चूक, माझा रंग, तुझे डोळे शाबूत, तुझं डोकं शाबूत. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली तेही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“कळलं,” म्हणाली. किल्ली तिथेच राहिली.

निजताना तिने गॅस बघितला. परत उठून बघितला.

२९ नोव्हेंबर

आज ती निघाली. मावशीने फोनवर अशा काही शिव्या घातल्या की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आल्या. आईने कापडी फूल किल्लीला परत बांधलं आणि मला म्हणाली, “तू शेजारी बस.”

जाताना गाडी छान चालवली. मावशीकडे एका बातमीवरून थोडी कुरबूरही झाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि देवाला न मानणारी मी कुणाचे तरी आभार मानत होते.

येताना ऊन समोर होतं. कमान दिसू लागली तसा आईने वेग कमी केला. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न वाजू लागले. वळणाचे पांढरे पट्टे कोरड्या रस्त्यावर लख्ख दिसत होते. दुसरं तिथे काहीच नव्हतं. माझी आई, जिने मला सायकल शिकवली, गाडी शिकवली, जी आयुष्यात कुणाला वाट विचारत नव्हती, ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून जवळजवळ थांबली.

“हाच ना गं पट्टा?” तिने विचारलं.

“हाच आई.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने वळण घेतलं. कमानीतून बाहेर आल्यावर सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाली, “उद्यापण येशील ना?”

मी हो म्हटलं. साहेबांना सांगून रोज दिवस कलण्याआधी निघायची परवानगी मागणार आहे. कमानीचं काम आता थंडीनंतरच संपेल. तिचं विचारणं कधी संपेल ते मला माहीत नाही.